गरम गाडी पुन्हा सुरू होते: बदलापूर–उल्हासनगर–बदलापूर

शनिवारी सकाळी हेंद्रेपाड्यातून निघताना आईची एकच अट होती: ती गाडी चालवणार नाही. शेजारी बसेल, रस्ता सांगेल, पण स्टिअरिंगवर मी.

खरं तर गाडी तिचीच. क्रीम रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली, वयाने माझ्यापेक्षा मोठी. आई नर्स होती तेव्हा ड्युटीला याच गाडीने जायची. आता ती अडुसष्ट वर्षांची आहे, आणि चार महिने तिने चावीला हात लावला नव्हता.

झालं असं होतं: आई आणि तिची मैत्रीण निमामावशी अंबरनाथच्या एका पंपावर पेट्रोलसाठी थांबल्या. इंजिन बंद केलं, टाकी भरली, चावी फिरवली, तर नुसतं 'टक्'. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. चार जणांनी गाडी ढकलून बाजूला लावली. त्यातला एक म्हणाला, "आजी, भंगारात द्या आता. तुम्हीपण आराम करा." पाऊण तासाने इंजिन थंड झालं आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. आईने घरी येऊन मला सांगितलं, "गिऱ्हाईक बघ." एक गिऱ्हाईक या रविवारी येणार होतं. म्हणजे माझ्याकडे शनिवारच होता.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हा आजार माहीत असेल. थंड असताना काहीच तक्रार नाही, गरम झाली की स्टार्टर हलत नाही. आम्ही बॅटरी नवी घातली, स्टार्टर दोनदा उघडला, फरक शून्य. त्यामुळे प्रवासाचा नियमच झाला होता, वाटेत इंजिन बंद करायचं नाही. चहासाठीही नाही.

उड्डाणपुलावरून पूर्वेला, मग कात्रपवरून अंबरनाथचा रस्ता. साडेसातला निघालात तर ट्रक कमी लागतात. अंबरनाथ मागे टाकून कॅम्प पाचकडून उल्हासनगरात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की आरसे मिटून घ्यावे लागले. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे हरेशभाई दुकानाचं शटर नुकतंच वर करत होते.

"स्टार्टर नया डाल दो ताई, झंझट खतम," ते बघताक्षणी म्हणाले.

"दोनदा उघडून झालाय. आज आधी मोजायचं. गाडी गरम आहे, तशीच मोजा."

मी इंजिन बंद केलं. दहा मिनिटं बॉनेट मिटून ठेवलं, म्हणजे आतली धग वर चढते. तेवढ्यात समोरून दाल-पकवान आलं. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. उल्हासनगरला गेलात तर हे सकाळीच खा, उशीर केलात तर संपतं.

मग चावी. टक्.

हरेशभाईंचा चेहरा खुलला. "बिमारी सामने आ गई!"

त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. मग स्टार्टरला 'फिर' म्हणून सांगणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला मीटर धरला आणि मला चावी फिरवायला लावली. जेमतेम आठ. बॅटरीचा करंट चावीच्या जुन्या स्विचमधून, कितीतरी जोडांमधून, लांबच्या लांब वायरीतून येताना वाटेतच गळत होता. इंजिन थंड असताना तेवढा पुरायचा. तापल्यावर स्टार्टरला जास्त जोर हवा, तेव्हा कमी पडायचा.

आई खिडकीतून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखं. टाकी भरलेली, पण चौथ्या मजल्यावर धार नाही."

"एकदम बरोबर, माई! तुमी माझ्याकडे कामाला या."

उपाय छोटा होता. काडेपेटीपेक्षा लहान एक रिले बॅटरीजवळ बसवायचा. बॅटरीतून जाड वायर रिलेमार्गे थेट स्टार्टरला. चावीने फक्त रिलेला इशारा द्यायचा, ओझं वाहायचं नाही. वायर, फ्यूज, रिले, मजुरी, सगळं हजाराच्या आत.

तासाभराने, थंड झालेलं इंजिन पुन्हा तापवून बंद केलं आणि चावी फिरवली. या वेळी स्टार्टर हलला, पण कण्हत, अर्धा फेरा घेऊन थांबला. हरेशभाईंनी डोकं खाजवलं.

आई खाली उतरली आणि बॉनेटमध्ये वाकली. "ही पट्टी कुठे जाते?" इंजिनपासून बॉडीला जोडलेली, करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी होती ती. "मागे गाडी रंगवली ना, तेव्हा रंगवाल्याने या बोल्टवरपण रंग मारला. मी तेव्हाच ओरडले होते."

हरेशभाईंनी बोल्ट काढला. खाली रंग आणि त्याखाली गंज. पत्रा घासून चकचकीत केला आणि नवी जाड पट्टी आवळली. इंजिन सुरू करून वीस मिनिटं तापवलं, बंद केलं, दहा मिनिटं थांबलो.

"मी लावते," आई म्हणाली, आणि माझ्या जागेवर येऊन बसली.

अर्ध्या सेकंदात इंजिन गरजलं. तिने बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा गरजलं! समोरचा दाल-पकवानवाला झारा हातात घेऊन बघत उभा राहिला. आईने मोबाइल काढला आणि रविवारच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाही हो, विकायची नाही. नाही, किमतीचा प्रश्नच नाही." मग माझ्याकडे वळून, "बस. निमाकडे जाऊ."

अंबरनाथच्या बुवापाड्यात मावशीच्या दारासमोर आईने इंजिन बंद केलं. मावशी बाहेर आली आणि कपाळाला हात लावला. "बंद केलीस? आता धक्का मारायला माझे गुडघे राहिलेत का गं?"

"तू बस तर खरी."

मग तिघी शिवमंदिराला गेलो. भर दुपारी दगड तापलेले, पण आत गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना गार वाटतं, चपला मात्र सावलीत काढा. गाडी बंद, गाडी सुरू. परत येताना उसाचा रस प्यायलो. बंद, सुरू. शेवटी कोणी न सांगता आईने गाडी चार महिन्यांपूर्वीच्या त्याच पंपावर घेतली. टाकी तशी अर्धी भरलेली होती. पेट्रोल भरून झाल्यावर तिने काच पूर्ण खाली केली, मागच्या रिक्षावाल्याकडे आरशात बघितलं आणि चावी फिरवली. मावशीने तर टाळ्याच वाजवल्या.

एकूण प्रवास तीस-पस्तीस किलोमीटरचा. इतक्या छोट्या फेरीवर कोणी ब्लॉग लिहीत नाही, मला माहीत आहे. नुकसान बघायचं तर माझ्या पांढऱ्या कुर्त्यावरचा ग्रीसचा डाग धुऊनही गेलेला नाही. आणि चार महिने मी आईच्या वयाची काळजी करत होते, तिला विचारायचं सोडून, ही बोचणीही उरली आहे. तो बोल्ट तिला पहिल्यापासून ठाऊक होता.

सोमवारी सकाळी उठले तर खाली पार्किंगमध्ये गाडी नव्हती. घाबरून फोन केला.

"कर्जतच्या अलीकडे आहे," आई म्हणाली. मागे कपबश्यांचा आवाज येत होता. "चहा सांगितलाय. तू ऑफिसला जा, मला वेळ लागेल."