साहेब आले की खाली बसणारा सूरज

आमच्या कॉलेजात नवी मुलं आली की त्यांना ग्रंथालय दाखवायचं काम माझं. चाळीस जणांपैकी ऐकतात तिघं, बाकीचे मोबाइलमध्ये. त्या दिवशी मधेच प्राचार्य आत आले. सगळे उठून उभे राहिले आणि मागच्या रांगेतला एक दाढीवाला पटकन जमिनीवर उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली. सगळा वर्ग खो खो हसला. मी भडकलेच. "हे काय नाटक?"

"सवय आहे, मॅडम," तो म्हणाला आणि घाईघाईनं उठला.

तो सूरज पावसकर, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरचा, वय पंचवीस. बाकीचा वर्ग अठराचा. त्यानंतर तो कुणाशी बोलेना. मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात येऊन बसायचा. दार नुसतं लोटलेलं असलं तरी ढकलायचा नाही, कुणीतरी उघडेपर्यंत बाहेर थांबायचा. एकदा मी चिडून कारण विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. तीन वर्षं तुरुंगात होता. जेट्टीवर बर्फ आधी कुणाच्या बोटीत चढवायचा यावरून भांडण झालं, आणि लादी ओढायचा लोखंडी आकडा त्यानं एकाच्या डोक्यात घातला. माणूस वाचला. बारावीची परीक्षा सूरजनं आतूनच दिली. तिथे साहेब फेरीला आले की कैद्यांनी रांगेत खाली बसायचं असतं.

"वर्गात कळलं तर मी कॉलेज सोडीन," तो म्हणाला.

"आकडा उचलताना भीती वाटली नाही, आणि आता तोंड उघडायला वाटते?"

जीभ माझी अशीच आहे. तो उठून निघून गेला आणि चार दिवस फिरकला नाही. मला फार वाईट वाटलं. पाचव्या दिवशी आला, पण मला माफी मागायला जमेना. म्हणून त्याला पुस्तकं द्यायच्या खिडकीशी बसवलं. मुलं येणार, हा नाव विचारणार, पुस्तक देणार. पहिला आठवडा "नाव?" एवढंच. मग "हे नको, ते न्या" असं सांगू लागला. महिनाभरानं एका मुलीशी त्यानं चक्क वाद घातला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

ती मुलगी शमिका. संगमेश्वरहून एसटीनं येणारी, बोलायला फटकळ. फील्ड प्रोजेक्टसाठी तिनं मासेमारी हा विषय घेतला आणि परस्पर सूरजचं नाव आपल्या गटात घातलं. "तू मिरकरवाड्याचा ना? मग ने आम्हाला." त्याला नाही म्हणता आलं नाही. कॉलेजातलं कुणीतरी सोबत हवं म्हणून मी गेले. ताजी सुरमई मिळेल हा लोभही होताच.

आम्ही पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव संपला होता. भिंतीच्या सावलीत एक जण फाटलेलं जाळं शिवत बसला होता. शमिका त्याच्या डाव्या बाजूला जाऊन म्हणाली, "काका, दोन प्रश्न विचारू?" त्यानं मान वर केली नाही. तिनं पुन्हा विचारलं, मग वैतागून आमच्याकडे वळली. "काय खडूस माणूस आहे!"

सूरज माझ्या मागे उभा होता. गप्प राहिला असता तर काही बिघडलं नसतं. शमिका दुसऱ्या कुणाकडे गेली असती.

"त्यांना त्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे. मी मारलं होतं त्यांना. तीन वर्षं तुरुंगात होतो त्यासाठी."

शमिका त्याच्याकडे बघतच राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "मग दुसऱ्या बाजूनं विचारायला हवं," आणि प्रश्नांची वही तिनं त्याच्याच हातात दिली.

सूरज वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन बसला. त्या माणसानं त्याला पाहिलं आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"धोंडूदादा," सूरज पुटपुटला, "ही कॉलेजची मुलं..."

"आयकू येत नाय," धोंडू म्हणाला. "मोठ्यान् बोल. तुज्यामुलं सगल्यांना मोठ्यान् बोलाय लागतं माज्याशी."

सूरजनं वही उघडली. मग पहिला प्रश्न त्यानं इतक्या मोठ्यानं विचारला, की जेट्टीवरच्या बायका टोपल्या सोडून बघायला लागल्या. धोंडूनं उत्तर दिलं. सूरजनं दुसरा विचारला, तेवढ्याच मोठ्यानं.