प्रश्नातला आकडा

मुलीला कोथरूडच्या अभ्यासिकेत सोडायला मी जाई तेव्हा खिडकीपाशी चाळिशीचे एक गृहस्थ सीएची पुस्तकं घेऊन बसलेले दिसत. ओळख झाल्यावर कळलं, सहा वेळा नापास. सोबतचे कधीच कॉम्प्युटर शिकून कंपन्यांत लागले होते. सातव्यांदा हुकलं तर सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

पेपरानंतर मी विचारलं, "कसा गेला?"

"पहिल्याच प्रश्नात एक आकडा चुकलाय. ते सिद्ध करण्यात दीड तास गेला."

"अहो, आणि बाकीचे प्रश्न?"

"चूक दिसल्यावर पुढे कसं जायचं?"

माझंही काम हिशेबाचंच, म्हणून मी प्रश्नपत्रिका घरी नेऊन दोनदा पडताळली. आकडा खरंच चुकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना तसं सांगितलं.

"दोनदा पडताळलंत?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मग आता दुकानात बसायला हरकत नाही."