आत्याच्या बाजूचं चाक

माझे आतोबा सलग चार मिनिटं एका जागी बसलेले ज्या कोणी पाहिले असतील त्यानं मला येऊन सांगावं. मी त्यांच्या घरात सहा वर्षं राहिले, पण मला काही ते भाग्य लाभलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पनवेलला त्यांची भातगिरणी होती. तिथल्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा आमच्या नेऱ्याहून रोजची ये-जा नको म्हणून मी त्यांच्याकडेच राहू लागले. चहा ते उभ्यानं पीत. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, म्हणजे उठताना वेळ जायला नको. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यावरच उठले, कारण समोरून गेलेल्या मोटारीची मागची चाकं त्यांना पुढच्यांपेक्षा बाहेर आलेली दिसली. एका गालावर साबण घेऊन ते एस.टी. स्टँडपर्यंत तिच्या मागे गेले. परत आले तेव्हा साबण वाळून पापडी झाली होती आणि चेहऱ्यावर अपार समाधान होतं. "सव्वा इंच," एवढंच ते न्हाव्याला म्हणाले आणि उरलेला गाल त्याच्या हवाली केला.

या सगळ्या वळवळीचं मूळ गिरणीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली उभं होतं. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली दोन माणसांची, बिनटपाची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची मोटार आतोबांना विकून गेला होता. शर्यतीची जात. बुटकी, लांब नाकाची, दार उघडून आत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. दिसायला देखणी, पण चाकं तिची नव्हती. मूळची चाकं साहेबानं कुठल्याशा खड्ड्यात वाकडी केली होती आणि मिळतील ती दुसरी बसवली होती. अंगात शालू आणि पायात दुसऱ्याच्या वहाणा, अशी तिची अवस्था. आतोबा एकटे बसले तर ती गुमान चाले. पण डाव्या बाजूला दुसरं माणूस बसलं, की मागचा भाग खाली दबे आणि डावं मागचं चाक मडगार्डला घासू लागे. तो आवाज मी आजही काढून दाखवू शकते, पण माझ्या वयाच्या बाईनं तो काढू नये.

आता यावर उपाय काय, हे पनवेलात प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी म्हणे, मडगार्ड ठोकून बाहेर काढा. तसं म्हणणाऱ्याकडे आतोबा अशा नजरेनं पाहत, की जणू त्यानं शेजाऱ्याच्या पोराला थोबाडायला सांगितलं आहे. कोणी म्हणे, खालचे कमानपाटे, म्हणजे त्या स्प्रिंगा, उंच करा. "म्हणजे उंट करू तिचा?" आतोबा विचारत. त्यांचं म्हणणं एकच: गाडीला तिचं चाक मिळालं पाहिजे. चाक नुसतं गोल असून भागत नाही, ते आसावर किती आत आणि किती बाहेर बसतं त्यात सगळी मेख आहे. ही मेख त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, मी जेवत असताना, माझं ताट उचलून समजावली. "हे बघ. ताट तेच, भिंत तीच. बूड भिंतीला लावलं तर कड बाहेर आली. कड भिंतीला लावली तर बूड बाहेर आलं, कड गेली आत. चाकाचंही असंच. समजलं?" मला समजलं, कारण ताटात वरणभात होता आणि तो आता भिंतीवर होता.

चाक बाहेर आलं तर मडगार्डला लागतं, फार आत गेलं तर कमानपाट्याला लागतं. टायर रुंद घेतला तर दोन्हीकडे लागतो. अरुंद घेतला तर तो बुटकाही निघतो, मग गाडीचं पोट नेऱ्याच्या रस्त्यावरच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत टेकतं. या चार भिंतींच्या मधे कुठेतरी एक जागा आहे, टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं सुखानं जातील अशी, आणि ती आपल्याला सापडणार, या श्रद्धेवर आतोबांनी वर्षं काढली. कोटाच्या खिशात फूटपट्टी, ओळंबा आणि खडू. रस्त्यात लॉरी थांबून ड्रायव्हर चहाला गेला, की हे तिच्या चाकाशी वाकलेले. टायर विकणारे चाचा, अतिशय सोशिक माणूस, एक दिवस हात जोडून म्हणाले, "सेठ, टायर म्हणजे काय चप्पल आहे? रोज घालून बघता, रोज काढता. खुदा के वास्ते एक माप नक्की करा." आतोबांनी त्याच वेळी आणखी एक माप मागितलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात विचका झाला. आत्याचं माहेर म्हणजे नेऱ्याचं आमचं घर, आणि माझे वडील तिचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही सगळेच, आत्यासुद्धा, दादा म्हणत असू. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आतोबा मांडवात नाहीत. शोधाशोध केली तेव्हा व्याह्यांच्या मोटारीखालून त्यांचे पाय बाहेर दिसले. दादा भडकले. भर मांडवात म्हणाले, "आमच्या मेहुण्यांनी आयुष्यात एक काम शेवटाला नेलेलं दाखवा, मी त्यांच्या पाया पडतो!" मांडव हसला. आतोबासुद्धा हसले. आत्या हसली नाही. पंगत उठायच्या आत तिनं पिशवी भरली आणि अंगणातून सांगितलं, "दादा, आता या उंबऱ्यात येईन ती त्यांच्या गाडीतून उतरून. गाडी पुरी झाली की." आणि मिळेल त्या बैलगाडीनं पनवेलला निघून गेली.

पाच मैलांचं अंतर, आणि तीन वर्षं भावाबहिणीनं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी दर रविवारी नेऱ्याला जाई. दादा मला आत्याचं काही विचारत नसत. "पनवेलला उकाडा फार आहे का?" असं विचारत. इकडे आत्या विचारी, "विहिरीला पाणी आहे ना यंदा?" मी दोघांना उकाड्याची आणि पाण्याची उत्तरं देऊन देऊन कंटाळले होते. वैताग यायचा मला दोघांचाही. शाळेतल्या चौथीच्या मुली यांच्याहून लवकर गट्टी करतात.

आतोबांच्या चाकांच्या वेडाला मात्र आता जोर चढला. कोणाचं माहेर आपल्यामुळे तुटलंय, हे त्यांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही, पण गिरणीत साळ पडून राहू लागली आणि मालक छपराखाली. शेवटी त्यांना गुरू भेटला तो बैलगाडीची चाकं करणारा म्हातारा सुतार. पनवेलची चाकं तेव्हा पार घाटावर जात. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "तुमी उगा रबराला दोष देताय, शेठ. रबराचं काय नाय. चाकाचं पोट बगा कुठं हाय. आमी आरे बसवताना आदी त्येच बगतो." आतोबांनी त्याला मिठीच मारली. चाकाच्या मधला पत्रा कापून तो बाहेरच्या अंगाला सरकवून पुन्हा सांधायचा, म्हणजे चाक आपोआप आत जाईल, असं ठरलं. कापलं, सांधलं, बसवलं. पाट्याला लागलं. पुन्हा कापलं.

एकदा जमलंसं वाटलं तेव्हा आतोबांना प्रश्न पडला की परीक्षा कशी घ्यायची. मला बसवून उपयोग नव्हता, मी काडी होते. बसायची होती आत्या, आणि पुरी झाल्याशिवाय ती गाडीला हात लावणार नव्हती. वजन विचारलं तर लाटणं घेऊन उठली. तेव्हा आतोबांनी स्वतःच्या अंदाजानं पावणेदोन मण तांदळाचं पोतं भरलं, तिच्या जागेवर बसवलं, पडू नये म्हणून दोरीनं बांधलं, आणि खराखुरा रस्ता हवा म्हणून थेट नेऱ्याच्या वाटेला लागले. आमच्या ओटीवर दादा बसलेले. दोन वर्षांनी मेहुण्यांची गाडी दारावरून गेली, आणि बहिणीच्या जागी पोतं! त्या रविवारी त्यांनी मला पहिल्यांदाच थेट निरोप दिला: "तिला म्हणावं, तू येऊ नकोस हवं तर, पण धान्य पाठवायची गरज नाही. आमचं आम्हाला पुरतं." मी मूर्ख, निरोप जसाच्या तसा पोचवला. आत्या आठ दिवस आतोबांशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, "मी दीड मणाच्या वर नाही."

पुढच्या पावसाळ्यानंतर दादांना कावीळ झाली. आधी कोणी मनावर घेतलं नाही, मग बघता बघता माणूस अंथरुणाला खिळला. मी रविवारी गेले तर डोळे हळदीसारखे, हाताच्या काड्या झालेल्या. डॉक्टर घरच्यांशी बाहेर जाऊन बोलत होते. मी जवळ बसले. पनवेलच्या उकाड्याचं त्यांनी या वेळी विचारलं नाही. दादा एकदम म्हणाले, "ती कशी आहे गं?"

मी मिळेल त्या गाडीनं पनवेलला परत आले. दुपारचा एक वाजला असेल. आत्या ताक घुसळत होती. मी सांगितलं तशी ती हात धुऊन आतल्या खोलीत गेली. आतोबांनी दारातून ऐकलं होतं. ते छपराकडे धावले. डावं चाक नुकतंच सांधून आलेलं, जमिनीवर पडलेलं. मी एवढ्या घाईनं काम करणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. चाक चढवलं, नट आवळले, मडगार्डवर स्वतः आडवे पडून गाडी दाबून पाहिली. घासलं. पुन्हा दाबून पाहिली. पुन्हा घासलं. ते तसेच मातीत बसून राहिले. "एक सूत," दोन बोटांत इंचाचा आठवा भाग दाखवत ते मला म्हणाले, "फक्त एक सूत राहिलंय गं. तिला म्हणावं, उद्या सकाळपर्यंत थांब. एस.टी.नं तर ती जायची नाही." त्यांचा आवाज रडवेला झाला होता, आणि मला त्यांच्या सगळ्या फूटपट्ट्या विहिरीत फेकून द्याव्याशा वाटल्या.

मागे वळून पाहिलं तर आत्या उभी. जांभळं लुगडं नेसून, हातात पिशवी. तिनं दार उघडलं, आणि त्या खोल बैठकीत एकदाची बसली. गाडी डावीकडे कलली.

"अगं, पण अजून घासतंय," आतोबा म्हणाले. "तू म्हणाली होतीस, पुरी झाली की."

"झाली पुरी. मी सांगते ना. चला."

दोन माणसांच्या गाडीत तिसऱ्याला जागा नाही, तेव्हा मी मागाहून एस.टी.नं पोचले. दादांना ओटीवर आणून तक्क्याला टेकवलं होतं. आत्या त्यांच्या उशाशी बसून उसाचा रस चमच्यानं भरवत होती आणि जोडीला तीन वर्षांचं साठलेलं बोलून घेत होती. दादांनी चमचा बाजूला सारला आणि आतोबांकडे पाहिलं. "काय मेहुणे, झाली का गाडी पुरी?" आतोबा मापाच्या बाबतीत आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी आत्या म्हणाली, "झाली ना. आले नाही का मी तिच्यातून?" दादांनी अंथरुणातूनच आतोबांच्या पायाशी हात नेला. आतोबांनी तो वरच्यावर धरला, आणि तसाच धरून ठेवला.

दादा त्यातून उठले. पुढे पाच-सहा वर्षं आत्या महिन्यातून दोनदा तरी नेऱ्याला येत असे. गाडी दर वेळी घाशीत यायची, नदीपलीकडूनच ऐकू यायची, आणि आमची आई चहाचं आधण ठेवायची. मी आतोबांना एकदा म्हटलं, "एक सूत तर राहिलंय. काढून घ्या की चाक, तासाभराचं काम." ते चिडले. "तिनं तिच्या भावाला सांगितलंय पुरी झाली म्हणून. आता मी चाकाला हात लावला तर ती खोटी नाही का पडणार?" टायर झिजला की ते अगदी त्याच मापाचा दुसरा आणत. गाडीजवळून जाताना त्यांचा हात त्या चाकाकडे जाई, मधेच थांबे, आणि ते तो दुसऱ्या हातात धरून ठेवत. इतकं अस्वस्थ राहूनही स्वस्थ बसणं त्यांना कसं साधलं असेल, याचा विचार करताना आजही माझा जीव तुटतो.

आत्या गेली त्या वर्षी दिवाळीत मी नेऱ्याला ओटीवर दिवे लावत होते. कुठलीच चाहूल नव्हती. सहज वर पाहिलं, तर अंगणात हिरवी गाडी उभी आणि आत आतोबा. कधी आले, कोणाला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, आवाज नाही आला तो?" ते उतरले नाहीत. डावीकडच्या रिकाम्या बैठकीवर हात ठेवून म्हणाले, "आता घासत नाही." आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.