एकेचाळीस नंबरचं रक्त

"जात?" साहेबानं विचारलं.

"बौद्ध," आबा म्हणाले.

"ते राहू दे, म्हाताऱ्या. मूळ जात सांग. धर्म बदलला म्हणून रक्त बदलत नाही."

आबा म्हणजे माझे वडील. दौंडच्या रेल्वेत गँगमन म्हणून हाडं झिजवून नुकतेच रिटायर झालेले. साहेब जेमतेम तिशीचा. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. साहेबानं स्वतःच रकान्यात जुनी जात लिहिली, आबांच्या मनगटावर शाईनं आकडा टाकला आणि पुढच्याला बोलावलं.

ती रांग मीच लावली होती. ही लाज मला आजही जाळते.

मी गावच्या उपकेंद्रात नर्स होते. गाव यवत आणि दौंडच्या मधलं. दुष्काळाचं साल. निम्मी वस्ती खडी फोडायला जायची. अशात पुण्याहून जीप आली. कुठल्या जातीच्या रक्तात कोणता आनुवंशिक दोष आहे, हे शोधणारी माणसं. एका रक्ताची दोन माणसं त्यांना नको होती. कोण कुणाचं कोण, हे मला ठाऊक, म्हणून माणसं निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

घरोघरी जाऊन मी सांगितलं, "रगात तपासून कागद देत्यात. रोग असंल तर कळंल." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले. रक्त घेतलं की निकाल येतो, दवाखान्यात मी एवढंच बघितलेलं.

एक लबाडीही केली. माझी धाकटी बहीण सिंधू वस्तीतच दिली होती. आबा आधीच रांगेत असूनही तिलाही घुसवलं. आडनाव वेगळं, खपून गेलं. लहानपणापासून तिची हाडं ठणकायची, डोळे पिवळे पडायचे. खडीवरचा मुकादम म्हणायचा, "सोंग करती." आमचे डॉक्टर म्हणायचे, अशक्तपणा. मी तिला लोहाच्या गोळ्या द्यायचे आणि चुकवल्या की रागवायचे. वाटलं, मोठे डॉक्टर आलेत, आता तरी कळेल.

साहेबानं तिच्या मनगटावर एकेचाळीस आकडा टाकला, तिची पापणी दोन बोटांनी खाली ओढली. सोबतच्याला म्हणाला, "गुड मटेरियल." मॅट्रिकपुरतं इंग्रजी मला येत होतं. तरी मी पुढच्याचं नाव पुकारलं.

कागद आला नाही. मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. सिंधू विचारायची, "आक्का, माझं काय निघालं गं?" मी म्हणायचे, "काय नसंल म्हून कळवलं न्हाई." दुखत असूनही ती खडीवर जात राहिली. पुढं तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात ताप आला, छातीत कळ आली, श्वास लागला. दौंडच्या दवाखान्यात पोचायच्या आतच गेली. पोटातल्या जिवासकट. मागं चार वर्षांचा पोरगा राहिला.

चार महिन्यांनी तीच जीप पुन्हा आली. वस्ती पुन्हा बाह्या सारून रांगेत बसली. साहेबानं वही उघडली.

"एकेचाळीस नंबर कुठाय? तिचं रक्त परत हवंय. मुलं असतील तर त्यांचंही."

"कशापायी?"

"दोष आहे तिच्यात. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. आईबापाकडून येतं हे. या भागात क्वचित सापडतं."

"कवा कळलं तुम्हाला?"

"मागच्याच वर्षी."

"ती मेली, साहेब. आमाला का न्हाई कळवलं?"

त्यानं चष्मा पुसला. "बाई, हे संशोधन आहे, दवाखाना नाही. आणि तुमच्या लोकांना सांगून काय उपयोग? गाढवापुढं वाचली गीता."

माझ्या डोक्यात जाळ झाला. औषध नसेल त्यांच्याकडं. मान्य. पण कळलं असतं तर मी तिला खडीवर पाठवलं असतं? उन्हात तहानलेलं राहू दिलं असतं? पहिल्या महिन्यापासून मोठ्या दवाखान्यात नेऊन बसले असते. रक्त तिचं, दोष तिचा, मरण तिचं. माहिती तेवढी साहेबाची!

साहेब माझ्याशेजारी उभ्या असलेल्या सिंधूच्या पोराचा हात धरायला वाकला. मी पोराला उचलून कडेवर घेतलं.

"ह्याला हात लावायचा न्हाई."

"तू सरकारी नोकर आहेस. समजतं का?"

"समजतं. मागच्या समद्यांचं निकाल आना. मराठीत लिवून. ज्याचा त्याच्या हातात द्या. तवर इथं सुई टोचायची न्हाई." मग रांगेकडं वळून ओरडले, "बाह्या खाली करा! म्या खोटं सांगितलं व्हतं तुमाला. चुकलं माझं. पर आता घरला चला."

पहिले आबा उठले. मग सगळी रांग उठली. जीप रिकामी गेली.

आठवड्यानं मला मेमो आला, कामात अडथळा आणला म्हणून. मी तीन ओळींचं उत्तर दिलं: निकाल द्या, मग बोला. माझी बदली शिरूरकडं झाली. गेले.

जायच्या आधी पोराला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. निकाल हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. आईचा दोष त्याच्याही रक्तात आहे, पण निम्मा. तो स्वतः धडधाकट राहील. लग्नाच्या वेळी मात्र जपावं लागेल; बायकोच्या रक्तातही असाच निम्मा दोष असला तर पोरांत पुरा उतरू शकतो. मोठा झाला की हे मीच त्याला सांगणार आहे, एकेक शब्द फोडून.

नव्या गावातही परवा एक जीप आली होती. साहेबांनी माणसं मागितली. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, माणसाच्या रक्तात जे निघेल ते आधी त्या माणसाला कळेल, मग तुमच्या वहीला. हे लिहून सही करा, नाहीतर गाडी वळवा.