लीलाअक्कांची हराळी

लीलाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या लॉन्सवर एका मुलीची हळद चालली होती. वैशाखातली सकाळ होती, ऊन अजून मांडवाच्या कापडाखाली शिरलं नव्हतं आणि डीजेवाल्यानं नुकताच आवाज वाढवला होता. अक्कांची सून फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, अक्का पहाटे गेल्या..." डीजे बंद करायला सांगावं, असं पहिल्यांदा मनात आलं. दोन पावलं टाकलीसुद्धा. पण समोर हळदीनं माखलेली नवरी मैत्रिणींच्या घोळक्यात गोल गोल फिरत होती, तिच्या पायाखाली ऐन वैशाखात हिरवंगार गवत होतं, आणि ते गवत अक्कांनी लावलेलं होतं. त्याच्यावर चाललेला नाच थांबवला असता तर अक्कांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं. मी परत फिरले, ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या ढणढणाटात मनसोक्त रडले.

सोनगीरच्या पुढे महामार्गाला लागून आमची थोडी बरड जमीन आहे. तिथे कपाशी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. लग्नाचं लॉन्स काढायचं मी ठरवलं तेव्हा घरात माझ्या बाजूने फक्त माझा नवरा होता, आणि तो नोकरीमुळे आठवडाभर सुरतेला. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हे काही पटलंच नाही. ते चारचौघांत सांगायचे, "आमचा जन्म गेला शेतातलं गवत काढण्यात, आणि सूनबाई विकत आणून लावताहेत!" लोक हसायचे, मीही हसायचे. पण नर्सरीतून आणलेली गालिच्यासारखी हिरवळ पहिल्याच उन्हाळ्यात जळाली तेव्हा मात्र हसू आलं नाही. आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे मी काय सांगायचं... सतरंजी उन्हात विटावी तसं ते गवत आधी पिवळं, मग तपकिरी झालं. ते सांभाळायला ठेवलेला माणूस एके दिवशी न सांगता निघून गेला. दिवाळीनंतरच्या हंगामातलं पहिलं लग्न ठरलेलं होतं आणि जागेवर उरला होता नुसता धुरळा.

मग मी माळी शोधायला लागले. चहाच्या टपरीवर, खताच्या दुकानात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, सगळीकडे सांगून ठेवलं. बरेच जण आले. एकाला राहायला खोली हवी होती, काम काय आहे ते त्यानं विचारलंच नाही. एकजण म्हणाला, मशीन घेऊन द्या, मग बघू. एकानं सगळीकडे प्लास्टिकचं गवत अंथरायचा सल्ला दिला. मी फाटकाशी उभी राहून त्याचं ऐकत असताना शेजारच्या बागायती कपाशीत निंदणीला, म्हणजे तण काढायला, आलेल्या बायका पाणी प्यायला आमच्या नळावर आल्या. त्यांच्यातली एक उंच, काटक बाई, लुगड्यावर मळका शर्ट घातलेली, तांब्या हातात धरून आमचं बोलणं ऐकत राहिली. तो माणूस गेल्यावर तिनं सरळ विचारलं, "तुले गवत लावानं शे?"

मी म्हटलं, हो, गवत लावायचंय.

"मंग मले ठेव."

अक्कांच्या अहिराणी बोलीत मालक, पाहुणा, देव सगळेच 'तू' होते. त्या शिरपूरच्या वरच्या अंगाच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावच्या. पावसावरची शेती, ती आटोपली की मजुरीला खाली यायचं, असं आयुष्य. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता, मुलगा ट्रकवर होता. मी विचारलं, "अक्का, तुम्ही लॉनचं काम कधी केलंय का?" त्या म्हणाल्या, "नही. पन मी जनमभर गवत उपाडं. त्याच्याशी इतकं भांडले, तर आता त्याची न् माझी ओळख नसेल व्हय?" बाकीच्या बायका खो खो हसल्या. त्याही हसल्या, पण नजर समोरच्या धुरळ्यावरून हलवली नाही. मला त्या क्षणी काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही. एवढंच कळलं की आतापर्यंत आलेल्यांपैकी ही एकटीच जागेकडे बघून बोलतेय.

त्यांनी अटी घातल्या. माझ्या कामात कुणी बोट घालायचं नाही, आबांनीही नाही. मला मजूर म्हणायचं नाही, कामवाली म्हणायचं नाही, माळी म्हणायचं. आणि पेट्रोल पंपावरच्या पोरांना असतो तसा नाव लिहिलेला शर्ट मला पाहिजे. "आम्ही बाया निंदायला जाताना नवऱ्याचा जुना शर्ट घालतो," त्या म्हणाल्या. "मले मन्हा सोताना पाहिजे." मी धुळ्याहून हिरव्या रंगाचा शर्ट शिवून आणला, पाठीवर लॉन्सचं नाव आणि खिशावर 'लीलाअक्का, माळी'. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी खिशावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मला दोनदा वाचायला लावलं आणि शर्ट लुगड्यावर चढवून त्या थेट गावात चक्कर मारून आल्या.

बाई माळी ठेवली म्हणून गावात चर्चा झालीच. आबा तर रोज संध्याकाळी काठी टेकत येऊन त्या उजाड जागेकडे बघायचे. एकदा ते कुत्सितपणे म्हणाले, "नर्सरीचं जगलं नाही ना? मग आपल्या बांधावरची हराळी लावा. ती मारून मरत नाही!" हराळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. एकदा शेतात शिरली की मुळं खोल जातात, कितीही खणा, पुन्हा वर येते. आबांनी आयुष्यभर तिला शिव्या दिल्या होत्या. त्यांनी टोमणा मारला आणि ते निघाले. पण अक्का टोपली खाली ठेवून त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मान डोलावत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हातारा खरं बोलना व माय!"

पाऊस लागल्यावर अक्कांनी निंदणीच्या बायकांना हाताशी घेतलं आणि गावातल्या बांधाबांधावरून हराळी खणून आणली. शेतकरी आनंदाने देत होते, कोणी तर वर चहा पाजत होते. त्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा गवत फेकायचं नव्हतं, रोवायचं होतं. ओळीनं बसून त्या काड्या टोचत जायच्या आणि मध्येच कुणीतरी हसत सुटायची. मुळं धरली, हिरवे ठिपके दिसायला लागले, आणि तिथेच अक्कांनी घाई केली. गवत लवकर दाटावं म्हणून त्यांनी न कुजलेलं शेणखत पसरवलं. पंधरवड्यात त्या खतातून आलेलं तऱ्हेतऱ्हेचं तण असं माजलं की हराळी दिसेनाशी झाली. आबांनी फाटकातूनच विचारलं, "हे कोणतं पीक?" त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. बांधावर बसून राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "चूक मन्ही शे. तू दुसरा पाहिजे तर ठेव." मी म्हटलं, "शर्टावर तुमचं नाव आहे, दुसऱ्याला कसा घालू?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तोंडावर पदर धरला, आणि मला वाटलं रडताहेत, तर हसत होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या गुडघ्यावर बसल्या होत्या. हातात खुरपं, एकेक तण मुळासकट बाहेर. संध्याकाळी कपाशीतून सुटलेल्या त्यांच्या मैत्रिणीही येऊन बसायला लागल्या. दसऱ्यापर्यंत जागा स्वच्छ झाली, आणि दिवाळीत पाहुणे आले ते गाडीतून उतरून आधी फाटकाशी थबकले. बरड जमिनीवर हिरवागार पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पहिल्या लग्नाच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. मी स्वयंपाक्याशी बोलत होते तेवढ्यात मांडववाल्याचा फोन आला. "ताई, तुमची बाई गाडी आत येऊ देत नाही!" धावत गेले. सामानानं भरलेला ट्रक फाटकात उभा, त्याच्यासमोर हिरव्या शर्टातल्या अक्का, दोन्ही हात पसरून. ओल्या जमिनीवर ट्रक गेला असता तर चाकांच्या चाऱ्या पडून हिरवळीचा चिखल झाला असता, हे मला दिसत होतं. पण सामान आत गेलं नाही तर मांडव उभा राहणार नाही, हेही दिसत होतं. मांडववाला ओरडत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात नवरदेवाचे वडील गाडीतून उतरले. धुळ्यातलं मोठं प्रस्थ, लोक त्यांच्यापुढे आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "बाई, बाजूला व्हा. लग्न तुमचं आहे की माझं?"

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "लगन तुन्हं. हाई गवत मन्हं शे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुझी सून उद्या पहिलं पाऊल टाकीन ते चिखलात टाकू दे का याच्यावर? तू सांग. तू म्हनशी तसं."

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. पहिलंच लग्न, पहिलंच गिऱ्हाईक... त्या गृहस्थांनी फाटकातून आत पाहिलं. पावसानं धुतलेली हिरवळ नुकत्या आलेल्या उन्हात चमकत होती. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली, ट्रकच्या मागे गेले आणि दोन खुर्च्या उचलून खांद्यावर घेतल्या. ते बघून त्यांचे भाऊ धावले, भाचे धावले, मागून आलेल्या गाड्यांतले पाहुणे उतरले. मुंग्यांच्या रांगेसारखी माणसं निघाली. खांब, कापडं, झुंबरं सगळं हातानं आत गेलं. मांडववालासुद्धा शेवटी हसत गादी डोक्यावर घेऊन गेला. अक्का फाटकाशी उभ्या राहून प्रत्येकाला "कडेकडेनं चाल रे भाऊ" म्हणून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आजीनं चपला काढून हिरवळीवर पाय ठेवला आणि "अगं बाई, किती गार!" म्हणून ती पुढे चालत गेली. तिच्या मागोमाग बायका निघाल्या, मग मुलं लोळायला लागली. अक्षता पडल्या, बँड वाजला. गर्दीत आबा एकटे कडेला उभे होते. अक्का त्यांच्याजवळ गेल्या. "कसं दिखस, आबा?" आबांनी काठीच्या टोकानं गवत चाचपलं. मग म्हणाले, "शेतात असती तर उपटली असती." एवढं म्हणून काठी बाजूला ठेवली आणि ते हराळीवर मांडी घालून बसले. पंगतीला बोलावलं तरी उठले नाहीत, ताट तिथेच मागवलं.

त्या लग्नानंतर आम्हाला मागे वळून पाहावं लागलं नाही, आणि अक्कांना तर नाहीच. महामार्गावरचे दुसरे लॉन्सवाले आमच्याकडे येऊन त्यांनाच विचारायला लागले. पारोळ्याच्या एकानं त्यांना पळवून न्यायचा घाट घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नही येत. मन्ह्या बाया धाडस." त्यांनी धाडलेल्या त्या निंदणीवाल्या मैत्रिणी अशा एकेक करून दुसऱ्या लॉन्सवर माळी झाल्या. आज धुळ्यापासून जळगावपर्यंत कितीतरी हिरवळी बायकांच्या हातच्या आहेत, आणि प्रत्येकीच्या अंगावर नाव लिहिलेला शर्ट आहे. अक्कांनी तशी अटच घालून दिली होती. स्वतः त्या गवत कापायचं मशीन शिकल्या. सुरुवातीला मशीन त्यांना ओढत न्यायचं, पुढे त्या त्याला दटावत चालवायच्या. मोठ्या लग्नांत फोटोग्राफर नवरा-नवरीला हिरवळीवर उभं करायचा, तेव्हा अक्का हमखास कुठून तरी फ्रेममध्ये यायच्या. कित्येक घरांच्या अल्बमांत त्या असतील... मागच्या बाजूला, कमरेवर हात ठेवून, आपल्याच लग्नाला आल्यासारख्या.

गेल्या वर्षी किडनीचं दुखणं निघालं. धुळ्याला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "मन्ह्या जागी माणूस मी निवडसू." उमेदवारांना बोलावलं. अक्का हिरवा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या, मी शेजारी. जो येई तो हिरवळीचं कौतुक करी, अक्कांचं त्याहून जास्त. त्या ऐकून घेत आणि "बरं" म्हणून पाठवून देत. मग रंजना नावाची पहूरकडची एक बाई आली. तिनं कौतुक केलं नाही. बसता बसताच विचारलं, "आधी हे सांगा, चुकलं तर ओरडणार कोण? ताई की तुम्ही?"

"मी," अक्का म्हणाल्या.

"मग मीही ओरडेन. चालेल?"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. पाणी प्यायल्यावर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हाई ठेव." पुढचे सगळे महिने त्या दोघी हिरवळीच्या मधोमध मनसोक्त भांडल्या. शेवटची भेट झाली तेव्हाही अक्का दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर तिला रागवत होत्या, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "चांगली शे."

दिवसकार्याला मी आणि आबा त्यांच्या गावाला गेलो. आबांचं वय पाहता एवढा प्रवास नको म्हणून मी सांगितलं होतं, पण ते ऐकेनात. डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. अक्कांच्या घरासमोर मी पहिल्यांदाच उभी होते. दारापुढे एक छोटंसं अंगण, आणि सगळं हिरवं. सून म्हणाली, गावातल्या ज्यांच्या घरी जागा नाही त्यांच्या मुलींची लग्नं आता इथेच लागतात, अक्का कुणाला नाही म्हणत नसत. त्या हिरवळीवर दुखवट्याला आलेल्या बायका बसल्या होत्या, धुळ्या-जळगावच्या लॉन्सवरून सुट्टी काढून आलेल्या, आपापल्या रंगाचे शर्ट घातलेल्या. अक्कांच्या गोष्टी निघाल्या, कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. बोलता बोलता सगळ्यांची बोटं गवतात चालली होती, नकळत, सवयीनं. आम्ही निघायला उठलो तेव्हा पाहिलं तर प्रत्येकीच्या पुढ्यात उपटलेल्या तणाचा एकेक लहानसा ढीग होता, आणि अक्कांचं अंगण स्वच्छ निंदून झालं होतं.