वाइंडिंगकाकांचं दुसरं कडवं

वाइंडिंगकाका गिटार घेऊन बसले की पहिलं कडवं संपेपर्यंत वाजवत. मग थांबत, मान तिरकी करून स्पीकरकडे बघत आणि म्हणत, "मजा नाई आली." गिटार मांडीवरून बाजूला जाई आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर येई. आंधळगावातल्या माझ्या नोकरीच्या सहा वर्षांत त्यांनी एकच गाणं धरलं होतं, जुन्या हिंदी सिनेमातलं, दोन कडव्यांचं. त्यातलं दुसरं कडवं शेवटचे काही महिने सोडले तर मी त्यांच्या हातून एकदाही ऐकलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची गरज कोणालाच पडत नसे. जळालेल्या मोटारी भरून देणं, म्हणजे वाइंडिंग, हा त्यांचा धंदा. उन्हाळी धानाच्या दिवसांत दुकानापुढे शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी रांगेनं पडलेल्या असत आणि काका खाली मान घालून तांब्याच्या तारेचा एकेक वेढा मोजत असत. मोजताना कोणी कितीही मोठा माणूस आला तरी उत्तर मिळत नसे. वेढा चुकल्याची नुसती शंका आली तरी सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात. मोटारीचा वायदा त्यांनी कधी चुकवल्याचं मी ऐकलं नाही. वायदे चुकायचे ते फक्त गिटारीचे.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. कॉलेजात असताना घेतलेली एक इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले होते आणि वर्गात पोरांकडून कविता म्हणून घेताना वाजवत असे. एकदा तिच्यातून सारखी घरघर यायला लागली. आमच्या शाळेचा शिपाई म्हणाला, "कायले नागपूरले जाता म्याडम, वाइंडिंगकाकाकडे न्या." काकांनी गिटार उघडली, आत डोकावले, "अर्थिंगच नाई," म्हणाले आणि दहा मिनिटांत घरघर बंद केली. मग मला म्हणाले, "आता वाजवा." मी मोठ्या तोऱ्यात वाजवलं. पुरं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्याडम, तुमचा हात तयार हाये, पण कान सुट्टीवर हाये."

मला राग आला. रोज तासभर रियाज करणाऱ्या बाईला हे कोण सांगणार, तर मोटारी भरणारा माणूस! पण घरी येऊन पुन्हा वाजवलं तेव्हा कळलं की मी सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवून सगळ्या तारा एकाच जोरानं झोडपत होते. पुढच्या रविवारी मी मुकाट्यानं दुकानात गेले. त्यांनी मला पाऊण तास एकच तार वाजवायला लावली.

त्यांच्या आवाजाच्या वेडाला एक मूळ होतं आणि ते मला त्यांनी स्वतःच सांगितलं. लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी त्यांना म्हशी घेऊन तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसावं लागलं होतं. गावात गर्दी, नाच-सोंगांची दंडार, पाळणे, आणि दुपारी बाहेरून आलेला ऑर्केस्ट्रा. म्हशी सोडून जाता येईना. तेव्हा पाण्यापलीकडून एका गिटारीचा आवाज आला. "मले गिटार काय असते तेबी मालूम नोतं," ते सांगत. "वाटलं, कोणी मानूस रडून राहिला, पन सुखानं." तोच आवाज ते पस्तीस-चाळीस वर्षं शोधत होते.

शोध म्हणजे अगदी मोटारी भरायच्या पद्धतीचा. गिटारीच्या तारांखाली चुंबकाभोवती तार गुंडाळलेला पिकअप असतो. तो काका स्वतः बनवत. इतके वेढे, तितके वेढे, दोनशे कमी, शंभर जास्त. जुन्या रेडिओतले कपॅसिटर काढून बसवत. आवाज बदलणारे, पायानं दाबायचे पेडल नागपूरहून आणत, मग पार्सलनं मागवत, आणि आले की वाजवायच्या आधी उघडून बघत. तार छेडायच्या पट्ट्या त्यांनी नारळाच्या करवंटीच्या केल्या, म्हशीच्या शिंगाच्या केल्या, एकदा तर जुन्या कंगव्याच्या केल्या. काकू मला चहा देताना म्हणाल्या होत्या, "बाईसाहेब, हा मानूस मले पाहाले आला होता ना, तवा पह्यले माह्या बापाचा रेडिओ उघडून बसला. मले मंग पाह्यलं."

मंडईच्या कार्यक्रमासाठी मंडळ गावातल्या हौशी लोकांची नावं आधी लिहून घेई. काकांचं नाव दर वर्षी त्या यादीत असे आणि दर वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी ते स्वतः जाऊन खोडून येत. "आवाज तयार नाई झाला अजून." मंडळातली पोरं हसायची. मलाही सुरुवातीला हसू यायचं. मग एक दिवस त्यांनी डाव्या हाताचं बोट मला दाखवलं. करंगळीशेजारचं. पेर सुजलेलं होतं आणि सकाळी वाकायला वेळ लागत होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे सांध्याचं दुखणं आहे, सावकाश वाढत जाणार. काका म्हणाले, "बोट हाये तवपर्यंत आवाज भेटला पायजे."

"बोट आहे तोवर गाणं पूर्ण व्हायला पाहिजे," मी म्हटलं. शाळेतल्या बाईची सवय, दुसरं काय. पण मला खरोखर भीती वाटली होती. मंडईच्या मंचावर हे गाणं एकदा सगळं वाजवायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती आणि ती तो स्वतःच पुढे ढकलत चालला होता.

म्हणून मी करार केला. रविवारी सकाळी अर्धा तास आवाजाचा, अर्धा तास वाजवण्याचा. मोबाइलवर गजर लावायचा. पहिल्याच रविवारी गजर झाला आणि काका म्हणाले, "पाचच मिनिटं म्याडम, एवढा कपॅसिटर पाहून घेतो." पाऊण तास गेला. पुढच्या वेळी मी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पर्समध्ये टाकला, तर त्यांनी रुपयाच्या नाण्यानं स्क्रू फिरवला. माझ्या बाजूनं करार मी नीट पाळला. माझा आवाज त्या वर्षात इतका सुधारला की मलाच माझी गिटार ओळखू येईना. त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेला एक पिकअप माझ्या गिटारीत बसवूनही दिला. म्हणजे फायदा सगळा माझाच झाला.

माझ्या सहाव्या वर्षीच्या मंडईत काकांनी पहिल्यांदाच नाव खोडलं नाही. आधी मी वाजवणार होते, माझ्यानंतर ते. सकाळी तलावापलीकडच्या एका शेतात मोटर बसवायचं काम निघालं. वायदा म्हणून ते गेले. दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नाही. माझं नाव पुकारलं, मी जाऊन वाजवलं, मुद्दाम त्यांचंच गाणं, त्यांना हुरूप यावा म्हणून. मंचाखाली उतरले तर काका गर्दीतून धापा टाकत येत होते. पायाला चिखल, खांद्यावर पान्ह्यांची पिशवी.

"काय लावलं होतं?" त्यांनी माझा हातच धरला. "कोनतं पेडल लावलं होतं?"

"काहीच नाही काका. तुमचा पिकअप आणि सरळ माइकवाल्याच्या मशीनमध्ये वायर."

"खोटं नोका बोलू म्याडम. पारीवर होतो मी. तोच आवाज होता. तोच!"

मी सांगितलं, खरंच काही नव्हतं. ते मंचाकडे बघत राहिले. मग झाडाला बांधलेल्या भोंग्यांकडे. दूरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून मंडळाचे लोक दर वर्षी दोन भोंगे तलावाच्या बाजूनं तोंड करून बांधत, त्यांच्या लहानपणीही बांधत. काकांचं नाव पुकारलं गेलं. ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं, मग पुढच्या माणसाला बोलावलं. काका तिथंच एका रिकाम्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "हा आवाज इथं येतच नाई. पान्यावरून जाते अन् तिकडे येते. जो वाजवते त्याले तो ऐकूच येनार नाई."

त्यांच्या घरातले ते सगळे पेडल आणि तारांची बंडलं डोळ्यांपुढे आली आणि मला फार वाईट वाटलं. मला वाटलं, हा माणूस आता गिटारीला हात लावणार नाही.

माझा अंदाज साफ चुकला. रविवारी गेले तर दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आतून दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ येत होती. अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून, वेढा चुकल्यावर तार उलगडावी तशी. मला पाहून म्हणाले, "आवाज ज्याले आयकाचा त्यो आयकन पारीवर उभा राहून. आपलं काम वाजवाचं." त्या रविवारी गजर लावावा लागला नाही. उलट मीच एकदा म्हटलं की ट्रेबल जरा जास्त वाटतोय, तर त्यांनी मानही वर केली नाही.

उन्हाळ्यात माझी बदली अड्याळला झाली, माझ्याच गावी. निरोप द्यायला काका शाळेत आले होते. भाषण नाही, फूल नाही. करवंटीची एक पट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मंडईले याजा." मी येईन म्हटलं.

मंडईच्या दिवशी मी आंधळगावला पोचले आणि फोन केला. काका म्हणाले, "मंचाकडे नोका येऊ. पारीवर जा." मी गेले. पारीवर मी एकटीच, खाली चार म्हशी. पलीकडे रंगीत कापडाचा मंडप दिसत होता, माणसं मुंगीएवढी. मग पहिली ओळ आली. ते कसं होतं हे सांगायला मला जमणार नाही. इतकंच सांगते, लहानपणी त्या पोरानं काय ऐकलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला बोट अडकलं आणि आवाज बंद झाला. आता त्यांचा हात बटणांकडे जाणार, अशी माझी खात्री होती. मी तिथूनच, त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असून, "काका, वाजवा!" असं ओरडले. तेवढ्यात ती ओळ पुन्हा सुरू झाली आणि गाणं शेवटाला गेलं.

दोन मिनिटांनी फोन आला. मागे टाळ्यांचा आणि माइकवाल्याचा गोंगाट. "आला का आवाज?"

"आला काका. तोच आला."

मग सहा वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "अन् वाजवनं कसं झालं?"

"दुसऱ्या कडव्यात चुकलात."

"हो, तिसरी ओळ. बोट वाकत नाई तिथं," ते म्हणाले. "उद्यापासून तीच घेतो."

त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांचं ते बोट आता अजिबात वाकत नाही. अड्याळला संध्याकाळी स्वयंपाक करत असताना मधूनमधून माझा फोन वाजतो. उचलला की पलीकडून कोणी हॅलो म्हणत नाही, दुसरं कडवं सुरू होतं. तीनच बोटांवर नव्यानं बसवलेलं, तिसऱ्या ओळीला थोडं दुसऱ्या वाटेनं जाणारं. मी गॅस बारीक करून ऐकते. मागच्या आठवड्यात ते पहिल्यांदाच न अडखळता संपलं. मी म्हटलं, "काका, फार गोड आवाज आला."

"आवाजाकडे ध्यान नोका देऊ म्याडम," ते चिडून म्हणाले. "फोनवर कुठं आवाज येते बरोबर? बोटं कशी चालली ते सांगा."