म्हातारीचा हिरवा चुडा
बाजारात हिरव्या बांगड्या दिसल्या की माझं डोकं अजून फिरतं. कोसाडला आमच्या शेजारचं म्हातारं जोडपं एकाच रात्रीत गेलं. दोघं थकलेलेच होते, सकाळी चहा घेऊन गेलेल्या सुनेला गार पडलेले दिसले. माणसं कापडाच्या लूमवर कामाला जायचं सोडून खाली तिरडीचे बांबू बांधत होती, अन् वर बायांचा वाद, म्हातारीला कुंकू लावायचं की नाही. "आधी म्हातारा गेला असला तर ही विधवाच की," एक शहाणी म्हणाली, "मग चुडा कसा भरायचा?" सून बांगड्या धरून रडत होती. मी दारातूनच ओरडलो, "जा, यमाला विचारून ये आधी कोणाला उचललं! पोरी, तू भर चुडा." "आबा, बायांच्या कामात पडू नका," ती शहाणी म्हणाली. "पडणार! जन्मभर एका ताटात जेवले, अन् मेल्यावर तुम्ही वाटण्या करता?" सुनेने चुडा भरला. घरी बायको हसून म्हणाली, "माझ्या वेळीबी असंच भांडजा." तिच्या वेळी भांडणच झालं नाही. बायांनी भराभर चुडा भरला, वर म्हणाल्या, भाग्याची, नवऱ्याआधी गेली. कसलं भाग्य? मी मागे उरलो, हे?